पक्षाघातात एडारावोनचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न
माझ्या बाबांना (वय 68) गेल्या सोमवारी पहाटे उजव्या अंगाचा पक्षाघात झाला. रुग्णालयात पोचेपर्यंत सहा तास उलटून गेले होते, त्यामुळे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले नाही. त्याच संध्याकाळपासून त्यांना सलाइनमधून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास एडारावोन दिले जात आहे. हे अँटिऑक्सिडंट असून मेंदूच्या पेशी वाचवते, असे सांगण्यात आले. ते खरे आहे का? नातेवाईक व्हिटॅमिन ई सुरू करा म्हणतात, तेही द्यावे का?

उत्तर (मेंदूविकार विभागातील डॉक्टर)
रक्तपुरवठा तुटला, आणि विशेषतः तो पुन्हा सुरू झाला, की पेशींमध्ये फ्री रॅडिकल्सचा (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा) लोंढा येतो आणि त्यांची आवरणे जळाल्यासारखी खराब होतात. एडारावोन हे रॅडिकल्स टिपून घेते. जपानमध्ये 2001 पासून ते या आजारासाठी मान्य आहे. पहिल्या 24 तासांत सुरू करून 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त 14 दिवस देतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी काही वावगे केलेले नाही. मात्र त्यामागचा पुरावा मुख्यतः जपान व चीनमधला आहे, आणि अमेरिकेत या औषधाला मान्यता आहे ती एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाणारा विकार) या वेगळ्याच आजारासाठी. जपानमध्ये ते घेताना मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून बाबांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) नियमित तपासले जात आहे ना, एवढे आवर्जून विचारा.

व्हिटॅमिन ई स्वतःहून देऊ नका. 2010 मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात गुठळीच्या पक्षाघाताचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी घटला, पण मेंदूतील रक्तस्रावाचा 22 टक्क्यांनी वाढला.

उत्तर (औषधशास्त्राचा प्राध्यापक)
वरील उत्तरात एक भर घालतो, कारण पक्षाघातात अँटिऑक्सिडंट देण्याच्या या विषयाने अनेकांची घोर निराशा केली आहे. एनएक्सवाय-059 हे असेच रॅडिकल्स टिपणारे औषध प्राण्यांमध्ये उत्तम ठरले होते. 2006 साली सेंट-1 चाचणीत रुग्णांमध्येही थोडा फायदा दिसला, परंतु पुढच्या वर्षी सुमारे 3,300 रुग्णांच्या सेंट-2 मध्ये तो टिकला नाही आणि औषध सोडून द्यावे लागले. माझ्या मते यात वेळेचा वाटा मोठा आहे: प्रयोगशाळेतल्या तरुण, निरोगी उंदराला वाहिनी बंद होताच औषध मिळते; आपला रुग्ण साठीचा, मधुमेही, आणि तासन्‌तास उशिरा आलेला. शिवाय वाहिनी बंदच राहिली, तर रक्तातले औषध पेशींपर्यंत पोचणार कसे? चीनमध्ये एडारावोनबरोबर डेक्सबोर्निओल हे दाह कमी करणारे द्रव्य देऊन 1,165 रुग्णांवर केलेल्या चाचणीत 90 दिवसांनंतर जवळपास स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण 67 टक्के होते, नुसत्या एडारावोनवर 59 टक्के. हे मला आशादायक वाटते.

प्रश्नकर्ती
दोघांचीही मनापासून आभारी आहे. क्रिएटिनिन दर दोन दिवसांनी पाहतात, हे आज विचारून घेतले. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या होत्या, त्या परत केल्या. फिजिओथेरपी कालपासून सुरू झाली आहे. बाबांनी आज उजव्या हाताची दोन बोटे हलवली आणि ‘चहा’ हा शब्द अडखळत का होईना, पण पूर्ण उच्चारला.