अनुभव धागा: दुसऱ्याच्या मुलखात गेल्यावर तिथली भाषा शिकलीच पाहिजे का? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनो, लिहा

परदेशात गेलेली आपली मुलं तिथल्या भाषेच्या परीक्षांबद्दल सांगतात. पुण्या-मुंबईत ‘इथं राहायचं तर मराठी शिका’ असं म्हटलं जातं आणि बेळगावात तेच वाक्य कन्नडसाठी आपल्याला ऐकवलं जातं. माझं मत आधीच सांगते. पोटासाठी दुसऱ्या मुलखात जाणाऱ्यानं तिथली भाषा शिकावी ही अपेक्षा रास्त आहे, पण अपेक्षा ठेवणाऱ्यानं शिकवायची सोयही केली पाहिजे. सीमाभागातल्या मराठी माणसाला ‘बाहेरून आलेला’ धरणं मात्र मला अजिबात मान्य नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण कुठं गेलो नव्हतो. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तरी रोजच्या व्यवहारात कन्नडशी गाठ पडतेच. सीमाप्रश्नावरची भाषणं नकोत. घरात, कामावर, कचेरीत काय घडलं ते लिहा.

येळ्ळूर भागातून, शेतकरी

आमच्या आज्याच्या नावचा जुना उतारा मराठीत हाय. आता पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, निघते ती कन्नडात. वडील गेल्यावर वारसा लावला, तर एका कचेरीत आडनावातलं अक्षर बदलून पडलं. पीककर्जाला गेलो तेव्हा आधारवर एक नाव आणि पहाणीवर दुसरं. मग ॲफिडेव्हिट, वकील आणि पेरणीच्या तोंडावर हेलपाटे. मला कन्नड बोलायला चांगलं येतं. बैलबाजारात, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर, कुठंबी अडत न्हाई. खरं वाचायला कुणी शिकवलंच न्हाई. आता पोरगी शाळेत शिकूलाल्या, ती पहाणी घडाघडा वाचून दाखवते, सर्व्हे नंबरापासून बोज्यापर्यंत. तिला कन्नड येतंय याचा मला अभिमान हाय. खरं माझ्या वयाच्या माणसाला फॉर्म दोन भाषांत दिला, तर सरकारचं काय जातंय?

मूळची टिळकवाडीची, सध्या जर्मनीत

इथं स्थलांतरितांसाठी सरकारी वर्ग असतो. त्यात साधारण ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तासिका कायदा, इतिहास आणि इथल्या जगण्याच्या ओळखीच्या. नागरिकत्वासाठी बी-१ पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील इतपत, जर्मन लागते. कंपनीत माझं इंग्रजीवर भागायचं. मग एका सकाळी लेकीला ताप चढला. तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात फोन लावला, तर पलीकडची बाई जर्मनशिवाय बोलेना. ताप किती, कधीपासून, काय दिलं, एवढंही मला सांगता येईना. शेवटी शेजारणीनं दारात उभं राहून फोनवर सगळं सांगितलं. त्याच महिन्यात मी वर्गात नाव घातलं.

माझ्या शेजारी सीरियातला एक सुतार बसायचा, मागे युक्रेनहून आलेल्या आजी. तिघांचीही सारखीच फजिती व्हायची आणि बाई सगळ्यांना सारख्याच चिकाटीनं शिकवायच्या. सक्ती मला जाचली नाही, कारण वर्ग संध्याकाळचा होता, घराजवळ होता आणि शिकवणाऱ्यांना घाई नव्हती. बेळगावात नोकरी करून कन्नड शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसाला असा वर्ग गल्लीगल्लीत मिळायला हवा. मग अपेक्षा खुशाल ठेवा.

कॅनडाहून, थोडक्यात

इथं नागरिकत्वासाठी इंग्रजी किंवा फ्रेंच येत असल्याचा पुरावा १८ ते ५४ वयाच्यांनाच द्यावा लागतो. आमच्या सासूबाई त्यापुढच्या वयाच्या, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. उतारवयातल्या माणसाचा हक्क भाषेवर अडवू नये, असं मला मनापासून वाटतं. वर येळ्ळूरच्या दादांनी लिहिलंय ते वाचून तर जास्तच.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

माझी मराठी माध्यमाची सरकारी शाळा आहे. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. त्याला माझा विरोध नाही. पण कन्नड शिकवणाऱ्याची जागा रिकामी राहिली, की मुलं अक्षरं गिरवतात, उत्तरं पाठ करतात आणि कंडक्टरनं दोन वाक्यं विचारली की गप्प होतात.

वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची काही मुलं वर्गात आहेत. त्यांच्या घरी लमाणी बोलतात. त्यांना मराठी आली ती खो-खोच्या मैदानावर. आधी आरडाओरडा, मग भांडणं, मग गोष्टी. ती पोरं आता माझ्याशी मराठीत वाद घालतात!

राज्यांच्या फेररचनेसाठी १९५६ मध्ये जी सातवी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातूनच कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, याची सोय राज्यांनी करायची. आमच्यासारख्या शाळांना त्याचाच आधार आहे. आणि मराठी पक्की असलेलं मूल कन्नडही लवकर उचलतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. एक भाषा काढून दुसरी बसवायला गेलं, की दोन्ही कच्च्या राहतात.

धागाकर्ती

बाई, मध्येच एक जोडते. परदेशी माणसाला रीतसर अर्ज करून भारतीय व्हायचं असेल, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा पुरेशी यावी लागते. त्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही. परक्या माणसाला देशानं एवढी मोकळीक दिली आहे. मग पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्यांना तरी दुजाभाव का?

निपाणीचा, सध्या पुण्यात

आमच्या सोसायटीत ‘वॉचमनला मराठी आलंच पाहिजे’ अशी चर्चा निघाली. मी विचारलं, शिकवणार कोण? तो ओडिशाचा पोरगा बारा तासांच्या ड्युटीनंतर शिकणार कधी? बेळगावात आपण स्वतःसाठी जे मागतो, तेच पुण्यात त्याच्यासाठी मागायला हवं. नाहीतर आपल्या मागणीत जोर राहत नाही.

शहापूर

आई दवाखान्यात होती तेव्हा रात्रपाळीची नर्स केरळची होती. उशी सारखी करत ‘आजी, दुखतंय काय?’ म्हणायची. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांशी कन्नडात बोलायची. दोन्ही भाषा ती वॉर्डातल्या आयांकडून शिकली होती. तिला कुणी सक्ती केली नव्हती, पण शिकवणाऱ्या आया मायेच्या होत्या.

उद्यमबाग, फौंड्रीत सुपरवायझर

आमच्यात मोल्डिंगला मराठी माणसं, भट्टीवर कन्नड आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बिहार, ओडिशाची पोरं. वितळलेलं लोखंड लॅडलमधून साच्यात ओतूलालेत, तेव्हा कुणीतरी ‘हिंदक सरी’ म्हणून ओरडतंय. म्हणजे माग सर. नवीन पोरगं तसंच उभं. साच्यात ओल राहिली असली तर लोखंड उसळतं आणि थेंब बुटात जातो. एकाचा पाय असा भाजलेला मी बघितलाय, म्हणून माझ्यापुरता हा वाद मिटलाय. भाषा आलीच पाहिजे, खरं भट्टीपुढं उभं करायच्या आधी.

आम्ही मालकाकडं मागणी लावून धरलीय. नवीन पोराला पहिले आठ दिवस भट्टीवर पाठवायचं न्हाई. तेवढ्यात सगळे इशारे कन्नड, मराठी, हिंदीत करून दाखवायचे, त्याच्याकडनं म्हणून घ्यायचे आणि ते दिवस पगारी धरायचे. मालक तयार हाय. कंत्राटदार अजून कबूल न्हाई. तो म्हणतो, पोरं चार महिन्यांत गावाकडं जातात, त्यांच्यावर पगार कशाला घालवायचा. पुढच्या आठवड्यात परत बसणार हाय. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात अशी सोय असली तर इथं लिहा, मला दाखवायला उपयोगी पडेल.