रेशन भरलेलं, तरी बाळाच्या वाटीत २-३च गट. मोजणी चुकतेय का?

प्रश्न (सर्वेक्षण_मोखाडा):
जव्हार-मोखाड्याकडे ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या आहाराची पाहणी चालू आहे. घरातल्या तुटवड्यासाठी एफआयईएसचे (घरात अन्न कमी पडल्याचा अनुभव मोजणाऱ्या प्रश्नावलीचे) ८ प्रश्न विचारतो, गेल्या १२ महिन्यांचे. मुलाने काल काय काय खाल्लं ते आईला विचारतो. "धान्याला कमी नाही" म्हणणाऱ्या घरातलं मूलही खाण्याच्या ८ गटांपैकी (धान्य, डाळ, अंडं असे) २-३ गटांवरच अडकतं, आणि तुटवडा सांगणाऱ्या काही घरांत गट जास्त निघतात. शिवाय एकाच मुलाची मोजणी दोन जणींनी केली की आकडा वेगळा येतो. चूक नेमकी कुठे आहे?

उत्तर (नागली):
ताई, आधी मोजणीचं बघू. समजा आईने सांगितलं: सकाळी चहा-बिस्किट, दहाला भात आणि वरणाचं पाणी, दुपारी नागलीची भाकरी कुस्करून, रात्री भात आणि बटाट्याची भाजी, शिवाय अंगावरचं दूध. नवी अंगणवाडी सेविका यात दूध, धान्य, डाळ, भाजी आणि आईचं दूध असे पाच गट धरते आणि मूल 'पुरेसं' ठरतं. खरे गट दोनच: आईचं दूध आणि धान्य-कंद. भात, नागली, बटाटा हे सगळे एकाच गटात जातात. चहातलं चमचाभर दूध धरत नाहीत. बिस्किट गोड पदार्थात जातं, त्याचा गट नाही. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळ नसतेच, म्हणून "वाटीच्या तळाशी डाळ होती का?" हे विचाराच. तळातलं घट्ट वरण दिलं असेल तर तिसरा गट मिळतो.

अजून काही गोंधळाच्या जागा: शेंगदाणे डाळींच्या गटात. शेवग्याचा पाला, मेथी, टाकळा, पिकली पपई, पिकला आंबा हे अ-जीवनसत्त्वाच्या गटात, पण शेवग्याची शेंग आणि केळं 'इतर भाज्या-फळं'मध्ये. अंड्याचा गट वेगळा, मांस-मासळीचा वेगळा. आईचं दूध हाही एक गट आहे, आणि आहार 'पुरेसा' धरायला ८ पैकी ५ गट हवेत. २०१७ च्या आधी ७ पैकी ४ असा नियम होता, त्यामुळे जुन्या अहवालांशी सरळ तुलना करू नका.

उत्तर (गावकूस):
मोजणी दुरुस्त केली तरी तुमचं कोडं बरंचसं राहीलच, कारण रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. भूक भागते, घर 'तुटवडा नाही' म्हणतं आणि ते खरंच असतं. पण तांदूळ आणि गहू मिळून गट एकच! डाळ, तेल, अंडं, फळ यांना रोख पैसा लागतो, आणि मजुरी थांबली की आधी तेच कमी होतं.

दुसरं म्हणजे काळ. तुटवडा १२ महिन्यांचा आणि ताट कालचं, असं जुळत नाही. एफआयईएसची ३० दिवसांची आवृत्ती वापरा. प्रत्येक प्रश्नाला "पैसे किंवा दुसरं साधन नसल्यामुळे" हे शब्द पुन्हा म्हणा. एकदाच म्हणून पुढे गेलं की श्रावणी सोमवारचा उपासही 'दिवसभर जेवले नाही' म्हणून नोंदला जातो. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ताट वेगळं असतं, म्हणून भेटी सगळ्या वारांत वाटून घ्या. आणि एका दिवसाच्या आठवणीवरून एका मुलाबद्दल निकाल देऊ नका. हा आकडा समूहासाठी आहे.

तुटवडा असूनही गट जास्त निघतात त्याची दोन कारणं दिसतात. घरात कमी पडलं की आई आधी स्वतःचं कमी करते, मुलाचं शेवटी. आणि पावसाळ्यात कणगी रिकामी होत आलेली असते तेव्हाच रानभाज्या भरपूर असतात. म्हणून पाहणी कोणत्या महिन्यात झाली ते प्रत्येक तक्त्यावर लिहा.

सर्वेक्षण_मोखाडा:
सुकटीची चटणी मासळीत धरायची का? आणि आईला लगेच काय सांगता येईल?

उत्तर (नागली):
चवीपुरती चिमूट असेल तर नाही. सुकट भिजवून, काटे काढून, भातात कालवून चमचाभर दिली तर धरा. मीठ आधी दोन पाण्यांत धुऊन काढायला सांगा.

सांगताना "विविधता वाढवा" म्हणू नका, वाटी दाखवा. २५० मिलीची वाटी घ्या: ९ ते ११ महिन्यांना अर्धी, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण. भातात तळातलं वरण, त्याच पातेल्यात शिजवलेला मूठभर शेवग्याचा पाला घोटून, एक चमचा तेल आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो. एवढ्यात धान्य, डाळ, पाला आणि आईचं दूध असे चार गट झाले.

पाचवा अंड्यातून. तुमचा भाग सरकारच्या अमृत आहार योजनेत (आदिवासी भागांतल्या अंगणवाड्यांमार्फत चालणाऱ्या) आहे, ७ महिन्यांपासून ६ वर्षांपर्यंत आठवड्याला चार दिवस अंडं किंवा केळं मिळायला हवं. अंडं पूर्ण उकडून, कुस्करून, पातळ करून द्यायचं. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते: लहान मूल स्वतः अंगणवाडीत जात नाही आणि आई मजुरीला गेलेली असते. म्हणून तक्त्यात एक रकाना वाढवा: 'या आठवड्यात अंडं मुलाच्या तोंडापर्यंत किती दिवस पोचलं?'

उत्तर (गावकूस):
त्याच्या शेजारी 'घरपोच आहाराचं (अंगणवाडीतून लहान मुलासाठी घरी मिळणारं) पाकीट कोण खातं' हाही रकाना हवा. पुष्कळदा ते सगळ्या घराच्या जेवणात मिसळतं, आणि नोंद मात्र मुलाच्या नावावर होते.