१८७५ साली रोखे जाळणारे दंगेखोर होते का?

कोरेगावकर
काल इथं एकानं लिहिलं, "सुप्याचे दंगे म्हणजे कर्जबुडव्यांची झुंडशाही. घेताना गोड, देताना कडू." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक काय शोधत होते? सावकारांकडचे कर्जरोखे, जाळून टाकायला. पुढं गावोगाव हेच झालं. सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथं बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. अमेरिकेतल्या यादवीत कापसाला भाव आला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि त्याच सुमाराला जमिनीची फेरपाहणी करून सरकारनं शेतसारा वाढवला. कुणब्यानं रोकड आणायची कुठून?

वाईची पेठ
सुप्यात दुकानं लुटली गेली, ते सोयीनं गाळलंत. माझे खापरपणजोबा सावकारी करायचे. साऱ्याचा हप्ता आला की अख्खा गाव आमच्या ओट्यावर बसलेला असायचा, असं आजी सांगायची. सरकारला रोख पाहिजे, ती आम्ही दिली. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर पेरायला बी आम्ही दिलं. शिव्याही आम्हीच खायच्या?

पसरणीचा
बी दिलंत आणि रान घेतलंत. आमच्या घरात १८८४ चं खरेदीखत आहे. खाली पणज्याच्या नावापुढं "निशाणी नांगर" आणि शाईत ओढलेला एवढासा नांगर. त्याला सही येत नव्हती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी केलेला १८७९ चा कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा, या चार जिल्ह्यांना लागला. रोख्यामागचा मूळ हिशेब उकरायची मुभा कोर्टाला मिळाली. मग सावकारांनी गहाणखत सोडून खरेदीखतं करून घेतली. "पैसे फेड, रान परत देतो," हे नुसतं तोंडी. तोंडचा शब्द कुठल्या दप्तरात सापडतो?

मिरजकरीण
चार जिल्हे म्हणताना आम्हाला विसरू नका. तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणून तिथं तो कायदा. सांगली-मिरज संस्थानं, तिथं इंग्रजी मुलखाचा कायदा आपोआप येत नव्हता. बरं, ते खरेदीखत मोडी लिपीत असेल ना? वाचलं कुणी? आमच्या सात पानांचे एकानं दोन हजार घेतले आणि "नजरगहाण", म्हणजे ताबा न देता ठेवलेलं गहाण, हा शब्दच गाळला. ताबा कुणाकडं होता हे त्या एका शब्दावर ठरतं! चुलत्यांशी बोलणं तुटलंय त्यावरून.

कोरेगावकर
मोडीचं दुखणं खरं आहे. शाळेतून ती काढली तिथंच आपण आपल्या कागदांना मुकलो.

पसरणीचा
कुणब्याला ती कधी आली होती? लेखणी कुलकर्ण्याच्या हातात. आमच्याच जिल्ह्यातल्या कटगुणचं मूळ असलेल्या जोतीरावांनी हेच ओरडून सांगितलं. लिपी गेली म्हणून रडताय, आम्हाला ती होती तेव्हाही बंदच होती.

मिरजकरीण
म्हणून आता कुणीच शिकायची नाही? मी पन्नाशीनंतर शिकले. दोन महिने रोज रात्री. शिरोरेघ आधी आखून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, एवढं कळलं आणि पान उघडायला लागलं.

वाईची पेठ
माळ्यावर दोन ट्रंका भरून वह्या आहेत आमच्या. आजवर वाचायला एकही जण आला नाही. भांडायला सगळे येतात.

पसरणीचा
तुमच्या ट्रंकेत आमचं रान आहे. बोलावलंत कधी?

वाईची पेठ
आज बोलावते. व्याज जबर होतं, हे मीही नाकारत नाही. काही खात्यांवर मुद्दल कधीच फिटलंय आणि व्याज चालूच आहे, एवढे आकडे मलाही कळतात. पण किती कुळांची येणी बुडाली, तेही त्याच वहीत आहे. दोन्ही वाचायचं.

पसरणीचा
वाचू. १८८४ ची वही तेवढी वाळवीनं खाल्लेली नसावी. मिरजकरीणबाई, रविवारी वाईला येता का? गाडी पाठवतो.

मिरजकरीण
येते. भिंग माझं मी आणते. खरेदीखताची झेरॉक्स नको, मूळ कागद घेऊन या.