घर तापवणारा गॅस बॉयलर दिवसभर चालू, तरी बैठकीची खोली गारच (लीड्स, इंग्लंड) – मदत हवी आहे

यॉर्कशायरवासी: गॅसचं बिल भरमसाट येतंय. थर्मोस्टॅट (खोली हवी तितकी तापली की बॉयलर थांबवणारा) २० अंशांवर आहे, पण बैठकीत १७ च्या वर जात नाही. वरच्या बेडरूममध्ये मात्र इतकं उकडतं की खिडकी उघडावी लागते. बॉयलर नवीन आहे. काय बदलू? लवकर सांगा.

पान्हा: बॉयलर काँबी (नळाचं पाणीही लागेल तेव्हा लगेच तापवणारा) की गरम पाण्याच्या टाकीवाला? थर्मोस्टॅट कुठल्या खोलीत? बैठकीतला रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी खेळवून खोली तापवणारा) वरून गार आहे की खालून? वरून गार म्हणजे आत हवा अडकलेली, खाली मधोमध गार म्हणजे गाळ साचलेला. आणि 'भरमसाट' म्हणजे किती युनिटं? मीटर घनमीटरचा असेल तर युनिटांसाठी आकड्याला साधारण ११ ने गुणा.

कोथरूडकर: गीझर ५५ वर ठेवा. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतात, साफ करून घ्या. मॅग्नेशियमचा रॉडही तपासा.

पान्हा: कोथरूडकर, इथे खोल्या तापवायच्या आहेत, आंघोळीचं पाणी नाही.

हरितघर: बॉयलरऐवजी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारा) बसवा! इंग्लंडमध्ये ७,५०० पौंड अनुदान आहे. एका युनिट विजेत तीन युनिटं उष्णता मिळते.

गणिती: आणि तिथे विजेचं युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग. त्या हिशेबात बिल फारसं उतरत नाही. आधी माळ्यावर उष्णता अडवणारी २७० मिमी जाडीची लोकर आहे का ते बघा.

हरितघर: हीट पंपवाल्यांसाठी वेगळे वीजदर असतात, ते धरून मांडा हिशेब.

यॉर्कशायरवासी: काँबी. थर्मोस्टॅट बैठकीतच आहे. रेडिएटर वरखाली सारखाच कोमट. त्याच्या व्हॉल्व्हवर २ आकडा आहे, वरच्या मजल्यावरचे सगळे ५ वर. बॉयलरवर ७५ दिसतं.

पान्हा: हे आधी सांगायला हवं होतं! २ म्हणजे साधारण १६-१७ अंश. खोली तेवढी तापली की व्हॉल्व्ह रेडिएटरचं पाणी अडवतो, थर्मोस्टॅट २० ची वाट बघत बसतो, बॉयलर थांबत नाही आणि सगळी उष्णता वर जाते. थर्मोस्टॅटच्या खोलीतला व्हॉल्व्ह कायम ५ वर हवा. बेडरूमचे २ ते ३ वर आणा. मग बॉयलरवरच्या रेडिएटरच्या चिन्हाचं तापमान ७५ वरून ६० करा, नळाच्या चिन्हाला हात लावू नका. रेडिएटरांतून बॉयलरकडे परतणारं पाणी ५५ च्या खाली आलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता पदरात पडते. टाकीवाल्यांनी मात्र टाकीतलं पाणी ६० च्या खाली नेऊ नये, फुप्फुसाचा आजार करणारे लिजनेला जिवाणू वाढतात.

उबदार: बॉयलर बंदच करू नका, मंद आचेवर दिवसभर ठेवा. गार भिंती पुन्हा तापवायला जास्त गॅस जातो.

गणिती: नाही. आत-बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णतेची गळती. घर गार असेल तेवढा वेळ गळती कमीच. ६० वर खोली सावकाश तापते, म्हणून टायमर तासभर आधी लावा, एवढंच.

यॉर्कशायरवासी: ५ वर केलं. तासभर झाला, अजून कोमटच!

पान्हा: मग व्हॉल्व्हमधली पाणी सोडणारी-अडवणारी पिन अडकली असेल. व्हॉल्व्हचं आकड्यांचं डोकं ५ वर असतानाच खालची रिंग सैल करून ते काढा. आतली पिन दाबून सोडली की उसळून वर यायला हवी. येत नसेल तर व्हॉल्व्हच्या अंगावर पान्ह्याने हलके ठोके द्या, पिन पुन्हा पुन्हा दाबा. पकडीने ओढू नका, निघून आली तर पाणी उडेल. पिन ठीक असेल तर रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाची टोपी काढून तो व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा, अर्धा तास थांबून बघा.