सलग पाच छाप्यांनंतर काटा?

नाणं उडवताना सलग पाच छापे पडले तर सहाव्यांदा काट्याची शक्यता वाढते का, असं वर एका बी.कॉम.च्या मुलाने विचारलंय आणि एका काकांनी 'सरासरीच्या नियमाने वाढणारच' असं ठोकून दिलंय. काका, नाही वाढत. १/२ च राहते. सलग सहा छाप्यांची शक्यता १/६४ हे खरं, पण ते पहिल्या फेकीआधी.

घोळ होतो तो मोठ्या संख्यांच्या नियमामुळे (गणिती याकोब बर्नुली, १७१३): फेकी वाढत गेल्या की छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ जात राहतं. तो नियम प्रमाणाबद्दल बोलतो, मागची उधारी फेडण्याबद्दल नाही. फेकींच्या संख्येचं वर्गमूळ भागिले दोन, हे इथलं प्रमाण विचलन (standard deviation), म्हणजे छाप्यांचा आकडा निम्म्यापासून साधारण किती ढळतो ते. म्हणजे १०० फेकींत छापे ५० पासून साधारण ५ ने इकडेतिकडे, १०,००० फेकींत ५० ने. तफावत वाढली, पण टक्क्यांत ५ ची ०.५ झाली! दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिक या गणितज्ञाने खरंच १०,००० वेळा नाणं उडवलं. छापे ५०६७.

इथे इंदूरला शिकवणीत मी अर्ध्या पोरांना १०० वेळा नाणं उडवायला लावते, अर्ध्यांना मनानेच छापा-काटा लिहायला. (उंच उडवू नका म्हणून बजावावं लागतं, नाहीतर बाकाखाली शोधण्यातच तास जातो.) मग वह्या बघून कोण कुठल्या गटातलं ते ओळखायचं. मनाने लिहिणारे सलग चारच्या पुढे जायला कचरतात. खऱ्या यादीत पाच-सहाची रांग बहुतेक वेळा सापडतेच. काका, घरी करून बघा आणि यादी इथे टाका.