दुर्मिळ ट्रायलोबाइट घरात ठेवणं बरोबर का?

रामबागकर_इंदूर
परवा घरी यावरून जुंपली म्हणून इथे विचारतोय. माझ्याकडे मोरोक्कोचा एक ट्रायलोबाइट आहे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या कवचवाल्या प्राण्याचा जीवाश्म, फॅकॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटच्या कुळातला, अंग मुडपून बसलेला, पावसाळ्यात वाणी किड्याला हात लावला की तो गोल होतो ना तस्सा. भिंगातून डोळा बघितला तर एकेक लेन्स मोजता येते, आणि ती कॅल्साइट या खनिजाची, म्हणजे जिवंत असतानाच दगडाचा डोळा! बरेचसे ट्रायलोबाइट म्हणजे नुसती टाकलेली कात, हा मात्र अख्खा गाडला गेलेला. आता डोक्यापुढे त्रिशूळ असलेला वॉलिसेरॉप्स नावाचा ट्रायलोबाइट घ्यायचाय. भाचा म्हणतो असली वस्तू म्युझियममध्येच हवी, मला नाही पटत.

थर_आणि_खडक
काका, भाचा बरोबर बोलतोय. त्या त्रिशूळाचंच घ्या. 2023 मध्ये संशोधकांनी मांडलं की नर आपसात झुंजायला तो वापरत असावेत, आणि कशावरून, तर एका नमुन्याला तीनऐवजी चार टोकं होती तरी तो पूर्ण वाढलेला होता, म्हणजे खाणं मिळवायला त्या शस्त्रावर अवलंबून नसणार. ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये होता म्हणून अभ्यासता आला, कोणाच्या कपाटात असता तर?

सराफा_रात्री
भिया, पण जमिनीतून काढला कोणी? मोरोक्कोतल्या अलनीफकडची माणसं डोंगरात चर खणतात, दगड फुटला की कडेला नुसती रेघ दिसते, मग तुकडे परत चिकटवून मायक्रोस्कोपखाली एकेक काटा मोकळा करायचा, शेकडो तास जातात. घेणारा नसेल तर कोण करेल हे? दगड तिथेच झिजून जाईल.

थर_आणि_खडक
खणणाऱ्यांशी माझं भांडण नाहीच. पण त्याच बाजारात रेझिनचे काटे लावलेले नकली पण येतात, आणि कोणत्या थरातला ते लिहिलेलं नसेल तर खरा असूनही अभ्यासाला जवळजवळ बाद. आपल्या धारचं बघा, पाडल्या गावात काकड भैरव म्हणून पूजलेले गोळे डायनासोरची अंडी निघाले. गावातच राहिले म्हणून कळलं तरी.

रामबागकर_इंदूर
हे लागलं. माझ्याजवळ जागा-थर लिहिलेली चिठ्ठी होती, घराला रंग देताना हरवली, तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. घेणं सोडणार नाही, पण जागा, थर आणि परवान्याचे कागद देईल त्याच्याकडूनच घेईन, आणि कोणाला अभ्यासाला हवा असेल तर खुशाल न्यावा.

थर_आणि_खडक
उसना देणं वेगळं काका. नव्या जातीचं नाव ज्या नमुन्यावर ठेवतात तो पन्नास वर्षांनी पण कोणालाही परत बघता यायला हवा. तुमचा तसा निघाला तर कायमचा द्याल का?