अनुभव धागा: सॉकेटवर नाव नाही, मॅन्युअल नाही. अनोळखी कनेक्टर कसा ओळखता?

खान्देशात चालतं यंत्र कुणी भंगारात देत नाही. जिनिंगचा जुना वजनकाटा, डाळ मिलचं पॅनल, मांडवाचा जाडजूड अँप्लिफायर, शेतातला सोलर पंप, सगळं दुरुस्त करत करत वापरात राहतं. मग एखादी केबल तुटते किंवा उंदीर खातात आणि समोर असा सॉकेट उरतो की त्याचा जोडीदार बाजारात दिसत नाही. अशा वेळी तुम्ही आधी काय बघता, काय मोजता, आणि कुठे थांबता? पिना, व्होल्ट, ओहम, मिलिमीटर आकड्यांत लिहा. दुकानांच्या तक्रारी नकोत, कामाचं लिहा.

जळगाव एमआयडीसी, पीएलसी आणि ड्राइव्ह

सर्वात जास्त माल जळतो तो 'बसला म्हणजे जमला' या समजुतीने. आकारावरून कनेक्टरचं घराणं कळतं, त्यातून काय वाहतं ते कळत नाही.

गोल ८ पिनांचा मिनी-डिन घ्या. बाहेरचा धातूचा गोल ९.५ मिमी. मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीवर (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) तो आरएस-४२२ आहे, अॅलन-ब्रॅडलीच्या मायक्रोलॉजिक्सवर तोच आरएस-२३२. आरएस-२३२, ४२२, ४८५ ही तारेवरून माहिती पाठवायच्या पद्धतींची नावं. एकाची केबल दुसऱ्यात सहज शिरते. २३२ चा सिग्नल अधिक-उणे १२ व्होल्टच्या आसपास झुलतो, आणि ४२२-४८५ च्या नेहमीच्या आयसीला उणे ७ ते अधिक १२ एवढंच झेपतं. आयसी लगेच गेली तर निदान कळतं तरी. अर्धवट दुखावली तर महिनाभर कम्युनिकेशन एरर शोधत बसावं लागतं.

९ पिनांच्या डी कनेक्टरचंही तसंच. सीमेन्सच्या एस७-२०० वर ९ भोकांचा पोर्ट आहे, तो आरएस-४८५. सिग्नल पिन ३ आणि ८ वर. पिन ७ वर थेट २४ व्होल्ट आहेत आणि २ वर त्याची परत. तिथे साधी सीरियल केबल लावली की हे २४ व्होल्ट समोरच्या पोर्टवर जातात.

माझा क्रम ठरलेला आहे. सप्लाय बंद. मीटर कंटिन्युइटीवर, एक प्रोब बोर्डाच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या उणे टोकावर, दुसऱ्याने पिना चाचपून ग्राउंड शोधायचं. मग कव्हर उघडून सॉकेटपासून ट्रॅक कुठल्या आयसीत जातो ते भिंगाखाली बघायचं. मॅक्स२३२ किंवा १४८८-१४८९ ची जोडी दिसली तर आरएस-२३२. ७५१७६ किंवा मॅक्स४८५ दिसली तर ४८५. २६एलएस३१ आणि २६एलएस३२ बरोबर दिसल्या तर ४२२. ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारी आयसी) असेल तर त्याच्या पुढचं ग्राउंड वेगळं असतं, त्या बाजूचं वेगळं शोधायचं. एवढं कागदावर उतरलं की मगच सप्लाय द्यायचा, तोही केबल न लावता. ग्राउंडच्या मानाने एखाद्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ व्होल्ट स्थिर दिसले तर ती २३२ ची पाठवणारी पिन.

ऑर्डर देताना सगळे 'डीबी' म्हणतात, तिथे घोळ होतो. बी म्हणजे २५ पिनांचं कवच. ९ पिनांचं ई, १५ चं ए, ३७ चं सी, ५० चं डी. मॉनिटरचा तीन ओळींतला १५ पिनांचा कनेक्टर ई कवचातच बसतो, त्यामुळे 'पंधरा पिन' एवढंच सांगितलं तर भलतंच हातात येतं.

प्रश्न, एरंडोलहून: दादा, कव्हर सील असेल, आतली आयसी बघताच येत नसेल तर?

जळगाव एमआयडीसी: मग फक्त मीटर. यंत्र बंद असताना प्रत्येक पिन ते ग्राउंड रेझिस्टन्स घ्या. २३२ ची ऐकणारी पिन ३ ते ७ किलोओहममध्ये दाखवते, बहुतेकदा ५ च्या आसपास. चालू केल्यावर व्होल्ट घ्या, पण डिजिटल मीटरचा इनपुट १० मेगओहमचा असतो, त्यामुळे कुठेही न जोडलेली पिनसुद्धा काहीबाही आकडा दाखवते. पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर धरून परत मोजा. आकडा टिकला तर पिन खरी, शून्याकडे घसरला तर तरंगती.

चोपडा, जिनिंग आणि धर्मकाटे

वजनकाट्याच्या इंडिकेटरला (आकडा दाखवणारा डबा) लोडसेल, म्हणजे वजनाचा सेन्सर, कधी ९ पिनांच्या डी वर येतो, कधी ५ किंवा ७ पिनांच्या गोल स्क्रूच्या कनेक्टरवर. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक बनावटीचा रंग वेगळा. सेल मात्र स्वतःची ओळख ओहममध्ये देतो.

जंक्शन बॉक्समधून एक सेल पूर्ण सुटा करा. ३५० ओहमच्या सेलच्या चार तारांमध्ये दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. सहाही मोजून लिहा. चार जोड्या २६० ते ३०० च्या दरम्यान येतील, त्या शेजारच्या. दोन जोड्या मोठ्या येतील, त्या समोरासमोरच्या. त्यातली ३५० च्या जवळची सिग्नलची, आणि ३८० ते ४२० च्या आसपासची एक्सायटेशनची (सेलला लागणारा सप्लाय), कारण त्या बाजूला तापमानाची भरपाई करणारे रेझिस्टर जोडलेले असतात. सहा तारा असतील तर ज्या दोन तारांमध्ये जवळजवळ शून्य ओहम येतं त्यातली एक सेन्स, म्हणजे सेलपर्यंत पोचलेला सप्लाय मोजणारी. शिल्ड (बाहेरची जाळी) यातल्या कुठल्याच तारेशी जोडलेली दिसत नाही, तपासून बाजूला ठेवा.

सेल सुटा न करता मोजलं तर सगळे समांतर दिसतात. सहा सेलच्या काट्यावर ३५० चे साठाच्या खाली येतात आणि माणूस सेल गेला असं समजून नवा मागवतो.

सिग्नलच्या दोन तारा उलट लागल्या तर नुकसान नाही, गाडी चढल्यावर वजन उणे दिसतं, अदलाबदल करा. एक्सायटेशन सिग्नलवर गेलं तर आकडा कुठेतरी येतो पण स्थिर राहत नाही. शून्य सतत सरकत असेल तर सॉकेट उघडून बघा. आमच्याकडे हंगामात रुईचे तंतू आत जाऊन बसतात, सकाळच्या दवाने ओले होतात आणि मिलिव्होल्टच्या सिग्नलला तेवढी गळती पुरते. ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणं. फुंकर मारू नका.

भुसावळ, रेडिओ आणि साउंड सेट

आधी धोक्याचं. व्हॉल्वच्या जुन्या रेडिओत स्पीकर ४ किंवा ८ पिनांच्या प्लगवर येतो. ८ पिनांचा ऑक्टल तोच, जो आजही रिलेच्या बेसला वापरतात. पण काही रेडिओत स्पीकरला कायम चुंबक नसून फील्ड कॉइल असते, आणि ती पॉवर सप्लायच्या चोकचं (डीसी गुळगुळीत करणारी कॉइल) कामही करते. म्हणजे त्या प्लगवर दोनशे व्होल्टपेक्षा जास्त डीसी असू शकतो. चालू असताना प्लग उपसला तर पहिल्या फिल्टर कपॅसिटरवरचं व्होल्टेज एकदम चढतं. बंद केल्यावरही कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा, मीटरवर शून्य बघा, मग हात लावा.

प्लगमध्ये काय आहे ते ओहमवरून कळतं. साधारण हजार ते अडीच हजार असेल तर फील्ड कॉइल. काही शे असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. दोन-चार ओहम असेल तर व्हॉइस कॉइल.

टेपरेकॉर्डर आणि जुन्या अँप्लिफायरवरचा डिन हा मोठा गोल, धातूच्या कड्याचा व्यास १३.२ मिमी. पाच पिना अर्धवर्तुळात असतील तर १८० अंशांचा, जास्त पसरलेल्या असतील तर २४० चा, आणि हे एकमेकांत बसत नाहीत. जोर लावला की पिना वाकतात. १८० मध्ये नंबर कडेने सरळ १-२-३ जात नाहीत, १-४-२-५-३ असे जातात. मधली २ ग्राउंड. टेपरेकॉर्डरवर १ आणि ४ रेकॉर्डिंगला, ३ आणि ५ वाजवण्याला. मोबाइलचा आवाज १ आणि ४ वर थेट दिला तर फाटतो, कारण हा इनपुट अगदी थोड्या मिलिव्होल्टसाठी आहे. प्रत्येक तारेत ४७० किलोओहम सिरीजमध्ये घाला.

जुन्या संगणकाचा कीबोर्डही याच पाच पिनांच्या डिनवर येतो, आणि त्याच्या पिन ५ वर ५ व्होल्टचा सप्लाय असतो. तो ऑडिओत लावून बघू नका.

मांडवाच्या सेटवर मला सर्वात जास्त काळजी वाटते ती भोंग्याच्या तारेला लावलेल्या दोन पिनांच्या साध्या घरगुती प्लगची. कानबाईच्या सणाच्या दिवसांत अंधारात कुणीतरी तो भिंतीच्या बोर्डात घालतो आणि भोंगा तिथेच जळतो. असे प्लग दिसले की कापून टाका. त्याच्या आधी भोंगा मोजा: ८ किंवा १६ च्या थोडं खाली ओहम आले तर थेट युनिट, बरेच जास्त आले तर आत १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर आहे. १०० व्होल्टवर ३० वॉटच्या भोंग्याची इम्पिडन्स ३३३ ओहम, म्हणजे १०० चा वर्ग भागिले वॉट. मीटर मात्र डीसी ओहम दाखवतं, ते यापेक्षा कमीच येतील.

गोलाणी मार्केट परिसर, बोर्ड रिपेअर

बोर्डावरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरला आपण सरसकट रेलिमेट म्हणतो. त्यातले दोन हमखास गोंधळात टाकतात, २.५ मिमीचा एक्सएच आणि २.५४ चा केके. दोन पिनांमधलं अंतर मोजून फरक कळणार नाही. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत कॅलिपरने मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा. दहा पिनांवर २२.५ आलं तर एक्सएच, २२.८६ आलं तर केके. दोन-तीन पिनांचा चुकीचा प्लग बसूनही जातो, पण सैल बसतो, गरम होतो आणि प्लॅस्टिक पिवळं पडतं. २.० आलं तर पीएच, ३.९६ आलं तर व्हीएच, आणि हा शेवटचा बहुतेक पॉवर सप्लायवर असतो, सांभाळून.

अॅडॉप्टरच्या गोल पिनेचं थोडक्यात: बाहेरचा व्यास ५.५ असला तरी आतलं भोक २.१ की २.५ ते बघा. २.५ चा प्लग २.१ च्या सॉकेटवर जातो, पण धरत नाही आणि ठिणग्या पडतात. टोक पिवळं असेल तर ते जपानी मापाचं घराणं, त्याची मापं वेगळी. मध्य अधिक की उणे, ते यंत्रावरच्या खुणेवरून ठरवा, जुन्या अॅडॉप्टरवरून नव्हे.

शहादा, सोलर पंप

पॅनलच्या तारांना आज सगळीकडे एमसी४ असतो, आतली पिन ४ मिमी, बाजूला दोन खटके. जुन्या पॅनलवर खटका नसलेला, रबरी, ३ मिमी पिनेचा दिसला तर तो एमसी३. त्याला एमसी४ ठोकून बसवू नका, दोन्ही टोकं कापून नवी जोडी क्रिंप करा. एमसी४ सारख्याच दिसणाऱ्या वेगवेगळ्या बनावटींची जोडीही टाळा. खटका बसतो, पण आतला संपर्क कमी पडतो, आणि मे महिन्यात तोच सांधा वितळलेला सापडतो.

दहा पॅनल सिरीजमध्ये असतील तर उघडं व्होल्टेज ४५० च्या घरात जातं. पंप चालू असताना एमसी४ ओढला तर डीसीचा आर्क (ठिणगीची ज्वाळा) विझत नाही, हात भाजतो. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटरने तारेत शून्य अँपिअर बघून खटका दाबा.

धुळे, अवधान, सीएनसी

सर्व्हो मोटरवरचे गोल, आटे असलेले धातूचे कनेक्टर बहुतेक एमएस जातीचे असतात. नंबर पुसला असला तरी ओळखता येतात. आट्यांचा बाहेरचा व्यास इंचात मोजा आणि १६ ने गुणा: सव्वा इंच आला तर साइज २०, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आला तर १८. मग पिना मोजा. २० मध्ये १७ पिना असतील तर २०-२९, हा एन्कोडरचा (मोटरची स्थिती सांगणारा सेन्सर) नेहमीचा. १८ मध्ये ४ असतील तर १८-१०, हा मोटरच्या पॉवरचा. पिनांवर अक्षरं असतात, त्यात आय, ओ आणि क्यू वगळलेली असतात, म्हणून एच नंतर थेट जे आला तर पिन हरवली असं समजू नका. नंबरच्या शेवटी पी म्हणजे पिन, एस म्हणजे भोक. त्यापुढे डब्ल्यू, एक्स, वाय किंवा झेड असेल तर आतली चकती फिरवलेली आहे, साधा जोडीदार त्यात बसणार नाही.

चोपडा, जिनिंग आणि धर्मकाटे: धुळेकर भाऊ, असा जोडीदार मिळाला नाही की आम्ही दोन्ही बाजू बदलून जीएक्स१६ (गोल, आट्यांचा कनेक्टर) लावतो, पॅनलला १६ मिमीचं भोक पुरतं. जुना प्लग कापताना त्याच्यासोबत १५ सेंटिमीटर तार ठेवा आणि पिननिहाय रंग लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. एकाच पॅनलवर लोडसेलला आणि सप्लायला सारख्या पिनांचा जीएक्स१६ कधीच नको, एकाला ४ तर दुसऱ्याला २. आणि ज्या बाजूला सप्लाय येतो तिथे भोकांची बाजू, पिना नेहमी यंत्राकडे.